रिपोर्टमधली शेवटची ओळ

साठी ओलांडलेल्या माणसाच्या डोक्याचा सीटी स्कॅन पडद्यावर उघडला, की पिट्यूटरी ग्रंथी ज्या खोबणीत बसते तिच्या दोन्ही अंगांना बहुतेक वेळा काहीतरी पांढरं दिसतं. कधी ठिपका, कधी बारीक रेघ, कधी पूर्ण कडं. मेंदूला रक्त नेणारी मुख्य धमनी, कॅरोटिड, तिथून वळणं घेत वर चढते. त्या वळणाला आम्ही सायफन म्हणतो. पांढरं दिसतं ते तिच्या भिंतीत साठलेलं कॅल्शियम.

सोलापुरात रेडिओलॉजिस्ट म्हणून काम करताना हे मी जवळजवळ रोज बघते. रिपोर्टमध्ये ते शेवटी येतं. रक्तस्राव नाही, गाठ नाही, सूज नाही, मेंदूची मधली रेषा सरकलेली नाही, हे आधी. आणि मग एक ओळ, दोन्ही कॅरोटिड धमन्यांच्या भिंतीत कॅल्सिफिकेशन आहे. पेशंट पाठवणाऱ्या डॉक्टरांना हवं ते उत्तर वरच्या ओळींत मिळालेलं असतं, त्यामुळे ते या ओळीवर फार थांबत नाहीत. घरी गेल्यावर मात्र शिकलेली सून किंवा कॉलेजातला नातू रिपोर्ट वाचायला घेतो आणि नेमका त्याच ओळीवर अडकतो. वर सगळीकडे 'नाही' लिहिलेलं असतं. 'आहे' असं एकच असतं.

मग ती मंडळी परत येतात. पेशंटला न आणता, रिपोर्ट घडी करून पिशवीत घालून. सोलापुरात विड्या वळणाऱ्या बायका खूप. त्यांतल्या एका मावशींनी मला विचारलं होतं, "मॅडम, तंबाखूसंगं चुना खात होते इतकी वर्षं. त्यो चढला का डोक्यात?" त्या मनापासून घाबरल्या होत्या. दुसऱ्या एका घरात आजीचं दूध, दही, नाचणी सगळं बंद केलं होतं आणि डॉक्टरांनी हाडांसाठी दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या कचऱ्यात टाकल्या होत्या. आजींचं मनगट आधीच एकदा मोडलेलं होतं. अशा वेळी मला बसून बोलावंच लागतं, आणि बाहेर रांग असली तरी मी बोलते.

मी सांगते, की रक्तातलं कॅल्शियम आपण काय खाल्लं यावर वरखाली होत नाही. गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी ते डेसिलिटरमागे साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम या अरुंद पट्ट्यात धरून ठेवतात. कमी पडलं तर हाडातून काढतात. म्हणून दूध सोडून धमनी साफ होणार नाही, हाडं मात्र पोकळ होतील. चुन्याचंही तेच. मावशींना मी सांगितलं, चुन्यानं तुमचं तोंड जळतं आणि त्या जळलेल्या कातडीवर तंबाखू बसतो, तोंडाच्या कॅन्सरचं भय तिथे आहे; पण धमनीला धोका चुन्याचा नाही, तंबाखूचा आहे. सकाळची मिसरीही त्यात आली. बायका मिसरीला तंबाखू धरतच नाहीत, त्यामुळे हे मला मुद्दाम सांगावं लागतं.

सगळ्यांच्या डोक्यात पाइपाचं चित्र असतं. बोअरच्या पाण्याचा क्षार पाइपात धरतो तसं काहीतरी. डॉक्टरही समजावताना तेच वापरतात, पण मला ते चित्र आवडत नाही, कारण त्यात धमनी नुसती पडून असते आणि क्षार येऊन बसतो. प्रत्यक्षात धमनी जिवंत आहे आणि कॅल्शियम तीच साठवते. भिंतीला वर्षानुवर्षं इजा होत राहिली, म्हणजे रक्तदाब, साखर, धूर, चरबी, की तिच्यातल्या स्नायूपेशी आपलं काम सोडून हाड बनवणाऱ्या पेशींसारख्या वागू लागतात. हाड जसं घडतं, जवळपास त्याच रसायनानं धमनीच्या भिंतीत कॅल्शियम फॉस्फेट बसतं. हे होऊ नये म्हणून शरीरानं राखणदार ठेवलेले आहेत. मॅट्रिक्स ग्ला प्रोटीन हा त्यांतला एक. ते प्रथिन ज्यांच्यात तयारच होत नाही असे उंदीर १९९७ साली संशोधकांनी घडवले, तेव्हा त्यांच्या धमन्या आपोआप कॅल्शियमनं भरल्या आणि दोन महिन्यांच्या आत ते मेले. मी ते वाचलं तेव्हा फार अस्वस्थ झाले होते. म्हणजे धमनी मऊ राहणं ही आपोआप घडणारी गोष्ट नाही, शरीर ती अखंड मेहनतीनं टिकवत असतं. या प्रथिनाला कामाला लागण्यासाठी व्हिटॅमिन के लागतं. हृदयाची झडप बदललेल्यांना रक्त पातळ ठेवायला वॉरफरिनसारखी गोळी देतात, ती व्हिटॅमिन केच्याच आड येते. त्यामुळे तिनं धमनीतलं कॅल्शियम वाढू शकतं. तरी ती गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. झडपेवर गुठळी झाली तर माणूस हातचा जाईल.

आता हे पांढरं आम्हाला दिसतं कसं, तेही सांगते. हे यंत्र गॉडफ्री हाउन्सफील्ड नावाच्या इंजिनिअरनं घडवलं. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या विम्बल्डन भागातल्या ॲटकिन्सन मॉर्ले हॉस्पिटलात पहिल्या पेशंटच्या मेंदूचा सीटी निघाला, आणि १९७९ मध्ये हाउन्सफील्ड यांना ॲलन कॉर्मॅक यांच्यासोबत नोबेल मिळालं. त्यांच्या नावाचं माप आम्ही दिवसभर वापरतो. पाणी शून्य, हवा उणे हजार, मेंदू तीस-चाळीसच्या आसपास, ताजं गोठलेलं रक्त साठ-सत्तर. १३०च्या वर गेलं की साधारणपणे कॅल्शियम धरतात. पडद्यावर गोठलेलं रक्त आणि कॅल्शियम दोन्ही पांढरीच दिसतात, म्हणून हा आकडा महत्त्वाचा. रात्री-अपरात्री फोन येतो, "मॅडम, धमनी पांढरी दिसतेय, गुठळी आहे का?" मी कर्सर त्या जागी नेऊन आकडा वाचते. गुठळी असेल तर एकेक मिनिट मोलाचं, कॅल्शियम असेल तर ते वर्षांपूर्वीचं आहे. शिवाय कॅल्शियम सीटीत आहे त्यापेक्षा मोठं दिसतं, त्याचा उजेड आजूबाजूला सांडतो. त्यामुळे रंग घालून अँजिओग्राफी केली तरी जाड कॅल्शियमच्या जागी धमनी किती उरली आहे हे छातीठोकपणे सांगता येत नाही.

मग घाबरायचं की नाही? हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो आणि त्याला एका शब्दात उत्तर नाही. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या एका उपनगरात हजारो वयस्कर माणसांवर दीर्घकाळ अभ्यास चालू आहे. त्यांतल्या सुमारे अडीच हजार लोकांचे सीटी तपासले तेव्हा ८० टक्क्यांहून अधिक जणांच्या कॅरोटिडच्या कवटीतल्या भागात कॅल्शियम सापडलं. इतकं सर्रास आहे म्हणून 'वयोमानानुसार' असं लिहून सोडून द्यायची सवय आम्हा रेडिओलॉजिस्टांना लागली. पण त्याच अभ्यासात पुढे असंही दिसलं, की ज्यांच्यात हे कॅल्शियम जास्त होतं त्यांना पुढच्या वर्षांत पक्षाघात जास्त झाला, वय आणि बाकीचे धोके हिशोबात धरूनही. पांढरे केस वयोमानानुसारच येतात, पण त्यांनी कुणाला पक्षाघात होत नाही. 'वयोमानानुसार' या शब्दानं मला कधीच समाधान झालं नाही, ते या कारणानं.

बार्शीकडचे एक काका आले होते, एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्त. मोरीत चक्कर येऊन पडले, डोक्याला खोक पडली, म्हणून सीटी. आत रक्तस्राव नव्हता. पण दोन्ही सायफनमध्ये कॅल्शियमचे जाड, तुटक ढेकळासारखे तुकडे होते. मी मुलाला विचारलं, बीपीची गोळी चालू आहे का? तो म्हणाला, "होती. नंतर बीपी नॉर्मल आलं म्हणून अण्णांनी बंद केली." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की ऐकताना घशाशी येतं. गोळीमुळे बीपी नॉर्मल आलं, म्हणून गोळी बंद. काका स्वतः शांत होते. आयुष्यभर गाडी हाकली, ब्रेक फेल झाला तरी घाबरलो नाही, असं म्हणाले. मी त्यांच्या डॉक्टरांना फोन केला आणि तिथेच मानेच्या धमन्यांची डॉपलर सोनोग्राफी केली. कॅरोटिड मानेत जिथे दोन फाटे घेते तिथे दोन्ही बाजूंना चरबीचा थर होता. रस्ता निम्म्याहून कमी अडला होता, म्हणजे ऑपरेशनची गरज नव्हती. पण कवटीतले ते तुकडे आणि मानेतला हा थर एकाच आजाराचे होते: ॲथेरोस्क्लेरोसिस. तो एका जागी सहसा थांबत नाही. म्हणून मी हृदयाची तपासणी करून घ्या, असं लिहून दिलं. काकांचं त्या दिवशीचं बीपी १८० च्या वर होतं.

काकांच्या सीटीतले ते तुकडे आणि डायलिसिसवरच्या एका तिशीतल्या बाईच्या सीटीत मला दिसलेलं कॅल्शियम, यांत मात्र जमीन-अस्मानाचा फरक होता. तिच्या धमन्यांना बारीक, सलग, दोन समांतर रेघांचा काठ होता, कुणीतरी पेन्सिलीनं ओढावा तसा. मूत्रपिंडं निकामी झाली की रक्तातलं फॉस्फेट वाढतं आणि ते धमनीच्या मधल्या थरात कॅल्शियम घेऊन बसतं. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ योहान गेऑर्ग म्योंकेबर्ग यांनी मधल्या थराचं हे कॅल्सिफिकेशन १९०३ साली वर्णन केलं. त्यात चरबीचा थर नसतो, धमनी अरुंद होतेच असं नाही, पण ती ताठ होते. मधुमेहातही हे दिसतं. ताठ धमनी हृदयाच्या ठोक्याचा धक्का पोटात घेऊ शकत नाही. तो धक्का मेंदूतल्या केसाएवढ्या नाजूक वाहिन्यांपर्यंत जातो आणि वर्षानुवर्षं त्यांना मारत राहतो. विस्मरण, चालण्यातला अडखळेपणा यांच्याशी तो त्या वाटेनं जोडला जातो.

वर्षानुवर्षं सगळ्यांचा समज असा होता, की सायफनमधलं कॅल्शियम म्हणजे ॲथेरोस्क्लेरोसिसच. नेदरलँड्समधल्याच उट्रेख्टच्या संशोधकांनी मृत्यूनंतर दान मिळालेल्या धमन्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या आणि २०१६ मध्ये मांडलं, की कवटीतल्या कॅरोटिडमधलं बरंचसं कॅल्शियम आतल्या चरबीच्या थरात नसून भिंतीतल्या लवचीक पडद्याच्या आसपास, मधल्या थराकडे असतं, ॲथेरोस्क्लेरोसिसशी थेट संबंध नसलेलं. पुढच्याच वर्षी त्यांनी नुसत्या सीटीवरून दोन प्रकार ओळखायची पद्धत दिली. कॅल्शियम धमनीभोवती किती फिरलंय, जाड आहे की दीड मिलिमीटरपेक्षा बारीक, सलग आहे की तुटक, एवढंच बघायचं. बारीक, सलग, गोलाकार असेल तर मधल्या थराकडचं. जाड, तुटक, ठिपक्याठिपक्यांचं असेल तर चरबीच्या थरातलं. कित्येक सीटींत दोन्ही एकत्र असतात आणि निवाडा करता येत नाही. पण जिथे करता येतो तिथे मी आता तो करते. काकांना हृदयाची तपासणी सांगितली ती त्यांच्या तुकड्यांच्या जाडीमुळे. डायलिसिसवरच्या बाईंच्या डॉक्टरांशी मी बोलले ते फॉस्फेटबद्दल.

या विषयात मी जितकी शिरत गेले तितकी एक गोष्ट मला ओढत राहिली: हा आजार किती जुना आहे. २०१३ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये एक अभ्यास आला. इजिप्त, पेरू, नैर्ऋत्य अमेरिका आणि ॲल्युशियन बेटं इथल्या १३७ ममींचे सीटी काढले होते. धमनीच्या भिंतीतलं कॅल्शियम ही ॲथेरोस्क्लेरोसिसची खूण धरली होती, आणि ४७ ममींमध्ये तो असल्याचं नक्की किंवा बहुधा दिसलं. यात शेती करणारे होते, तसे समुद्रातली शिकार करून जगणारेही होते. आपल्याकडे घराघरात ऐकू येतं, की हे सगळं आजच्या हॉटेलच्या खाण्यानं आणि टेन्शननं झालं, पूर्वी असलं काही नव्हतं. मी पेशंटच्या मुलांना ममींचं सांगते, कारण कित्येकदा आईवडिलांच्या आजाराचा दोष ती स्वतःच्या माथी घेतात: आम्ही शहरात आणलं, आम्ही बाहेरचं खाऊ घातलं. असा दोष घेऊन बसलेला मुलगा औषधाच्या वेळा सांभाळण्यापेक्षा रडत जास्त बसतो.

आता या सगळ्याची उलट बाजू. पन्नाशीच्याही आतला एक यंत्रमाग कामगार. पहाटेची पाळी संपवून घरी आला आणि चहाची बशी हातातून निसटली. घरच्यांनी म्हटलं वारं गेलं, आणि त्याला आधी गावाकडे नेलं, मालिश करणाऱ्याकडे. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायला साडेचार तासांची मुदत असते. ती रस्त्यातच गेली. दुपारी तो माझ्या सीटीच्या टेबलावर आला. साध्या सीटीत त्याच्या सायफनमध्ये कॅल्शियमचा कणही नव्हता. रंग घालून अँजिओग्राफी केली तेव्हा मेंदूची डावी मधली धमनी जवळजवळ दोऱ्याएवढी अरुंद निघाली. चरबीचा थर होता, ताजा, मऊ, अजून कॅल्शियम न धरलेला. आशियातल्या लोकांमध्ये, भारतीयांमध्येही, कवटीच्या आतल्या धमन्या अशा अरुंद होण्याचं प्रमाण युरोपीय लोकांपेक्षा जास्त आढळतं. आणि ही मधली धमनी सायफनसारखी सहज कॅल्शियम धरत नाही. पांढरं दिसलं नाही म्हणून धमनी निरोगी, हा निष्कर्ष काढायचा नसतो, हे त्याच्यासारखे पेशंट आम्हाला शिकवतात. मऊ थर फुटतो. जुना, कॅल्शियमनं भरलेला थर त्या मानानं टिकतो. स्टॅटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या हृदयाच्या धमन्यांत कॅल्शियम उलट वाढलेलं दिसतं आणि तरी झटके कमी येतात, त्याचं कारण बहुधा हेच. म्हणून दुसऱ्या सीटीत पांढरं वाढलं तर औषध लागू पडत नाही असं समजून गोळ्या सोडू नका, हेही मी आवर्जून सांगते.

त्या कामगाराची बायको मला म्हणाली, "ताई, हृदयात घालतात तशी स्प्रिंग घाला ना तिथे. दागिने मोडते." मला तिचं ते वाक्य अजून सोसवत नाही. तिला मी समजावलं ते अमेरिकेतल्या एका चाचणीवरून. सॅम्प्रिस तिचं नाव. कवटीतली धमनी ७० ते ९९ टक्के अरुंद झालेल्या ४५१ पेशंटांपैकी निम्म्यांना स्टेंट आणि औषधं, निम्म्यांना फक्त नेटाची औषधं दिली. तीस दिवसांत पक्षाघात किंवा मृत्यू स्टेंटवाल्यांत १४.७ टक्के, औषधवाल्यांत ५.८ टक्के. २०११ मध्ये नवे पेशंट घेणं थांबवावं लागलं. तिला आकडे सांगितले नाहीत. एवढंच सांगितलं, की या जागी स्प्रिंगपेक्षा गोळ्या जास्त माणसं वाचवतात, दागिने ठेवा आणि गोळ्या चुकवू नका. न्यूरोलॉजिस्टांनी नव्वद दिवस रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या, पुढे एक, वर स्टॅटिन आणि बीपीचं औषध दिलं. तंबाखू त्यानं त्याच आठवड्यात सोडला. हात पूर्ण आला नाही. मागाचं काम सुटलं, तो आता चादरींच्या दुकानात हिशोब बघतो, डाव्या हातानं.

माझ्या रिपोर्टमध्ये ती शेवटची ओळ आता एकटी नसते. कॅल्शियम कुठे आहे, जाड आहे की बारीक, तुटक की सलग, हे लिहिते, आणि धमनी अरुंद आहे की नाही हे या साध्या सीटीवरून सांगता येत नाही, असंही लिहिते. त्याखाली बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, मूत्रपिंडाची तपासणी आणि तंबाखू, यांकडे लक्ष द्यावं, अशी सूचना. ओळखीचे एक फिजिशियन मला म्हणाले, हे सगळं आम्हाला माहीत आहे, तुम्ही कशाला लिहिता, पेशंट घाबरतात. मी त्यांना म्हटलं, पेशंट आताही घाबरतातच, आणि घाबरून दूध बंद करतात, गोळी बंद करतात. कशाची तपासणी करायची हे कागदावर असेल तर निदान त्या भीतीला जायला एक ठिकाण तरी मिळेल. त्यांना ते पटलं नाही. पण त्यांच्याकडचे पेशंट अजून माझ्याकडेच येतात, आणि बार्शीच्या काकांचा मुलगा मागच्या वेळी आला तो स्वतःचं बीपी मोजून, चिठ्ठीवर लिहून घेऊन.